खालाचं शिवलेलं गाठोडं

कासमनं पाठीवरचं गाठोडं वाळूत उतरवलं आणि विचारलं, "यातली कुठली?"

समोर वीस-पंचवीस कबरी होत्या. वाळूचा उंचवटा आणि डोक्याशी एक दगड, एवढंच. नाव एकावरही नाही.

"ती कडेची," उस्मान म्हणाला. "इथं नावं लिहीत नाहीत."

"गेले कशानं?"

"तापानं. दोन दिवसांत आटोपलं सगळं."

कासमला रडू येईना, आणि त्याचीच त्याला लाज वाटली. पण येणार कुठून? यूनुसखालूला, मावशीच्या नवऱ्याला, त्यानं पाहिलं होतं एकदाच, मुनिराखालाच्या निकाहात. तेव्हा हा सहा वर्षांचा आणि खालूचं तोंड सेहऱ्याच्या फुलांखाली. पुढं खालू कुवेतला आला, वर्षानुवर्षं पत्रं धाडत राहिला आणि तीन वर्षांपूर्वी एकाएकी गप्प झाला. आता कासम बोटीवर खलाशी लागला होता. बोट शुवैखला लागली, संध्याकाळपर्यंतची सुट्टी मिळाली. बंदरावर कुणीतरी म्हणालं, मंगफच्या किनाऱ्यावर एक कोकणी माणूस राहतो, त्याला विचार. लॉरीत बसून तो एकटाच इथवर आला. भेटला तो हा उस्मान, कोळ्यांचे मासे धरायचे तारेचे पिंजरे राखणारा, चाळिशीतच म्हातारा दिसणारा. आणि भेटल्या भेटल्या त्यानं ही बातमी सांगितली.

दोघांनी फातिहासाठी हात उचलले. उस्मानचा उजवा हात इतका वेळ बाहीत होता. आता तो दिसला. अंगठा आणि एक बोट, बस्स.

"माल उतरवताना चेंगरला, तीन वर्षं झाली," कासमकडे न बघता तो म्हणाला आणि हात पुन्हा बाहीत गेला.

झोपडीत त्यानं कासमला जेवायला वाढलं. भात आणि ताज्या माशाचं कालवण. दाराबाहेर समुद्र पसरला होता, ओहोटीत कलंडलेल्या दोन होड्या सोडल्या तर किनाऱ्यावर काहीच नव्हतं.

"आमसूल नाही इथं. सुक्या लिंबावर भागवतो," उस्मान म्हणाला. मग डाव्या हातानं घास चिवडत हळूच विचारलं, "तिचं दुसरं लग्न लावतायत का?"

"मामू हात धुऊन मागे लागलाय. चिपळूणचा माणूस आहे, चांगला आहे म्हणतात. पण खाला ऐकते कुठं? हे गाठोडं तिनं स्वतः शिवलंय. म्हणाली, भेटले तर त्यांच्या हातात दे. नाही भेटले तर न उघडता परत आण, मी काय ते समजेन."

"मग ने परत. सुटू दे बिचारीला."

"जिवंत असते तरी तलाक मागून सुटली असती."

"तलाक?" उस्मानचा आवाज चढला. "काय बोलतोस! अख्खा मोहल्ला तिलाच नावं ठेवील. बेवा बाईला निदान कुणी बोल लावत नाही. तू परत ने ते, ऐक माझं."

बाहेर लॉरीवाल्यानं भोंगा वाजवला. कासम हात धुऊन उठला.

"जरा दे बघू," उस्मान म्हणाला. "गावचा वास येतो त्याला."

त्यानं गाठोडं मांडीवर घेतलं. पांढरं मांजरपाट, चारी बाजूंनी बारीक टाक्यांनी बंद केलेलं. खालूला धाडायच्या प्रत्येक गाठोड्यात दोऱ्याचं टोक खाला अशी दडवायची की या वेळी मुंबईच्या जकातवाल्यानं सगळ्या शिवणी चाचपल्या, खालाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि शेवटी कंटाळून गाठोडं तसंच सोडलं. बोटीवर कासमनंही गंमत म्हणून तासभर शोधून पाहिलं होतं. जाम सापडलं नव्हतं.

उस्माननं डोळे मिटून वास घेतला. त्याचा उजवा हात बाहीतून केव्हा बाहेर आला, त्याचं त्यालाही कळलं नसावं. उरलेलं एक बोट तिसऱ्या कोपऱ्याशी गेलं, दुमडीखाली सरकलं आणि तिथंच थांबलं. बोटाखालून दोऱ्याचं इवलंसं टोक वर आलं.

कासम त्या टोकाकडे बघत राहिला. सकाळी ज्याच्यासाठी फातिहा पढला, तो शेजारीच हात उचलून उभा होता. राग आला, रडूही आलं. हा माणूस तीन वर्षं एकट्यानं काय करत असेल? भोंगा पुन्हा वाजला. उस्माननं दचकून डोळे उघडले, हात मागे घेतला आणि गाठोडं पुढं केलं.

"घे. उशीर होईल तुला."

कासमनं ते घेतलं नाही. त्यानं चपला पायांत सरकवल्या.

"येतो, खालू," तो म्हणाला.

कासम वाळूतून लॉरीपर्यंत गेला, फळीवर पाय ठेवला आणि मग राहवेना म्हणून वळून पाहिलं. दारात बसलेल्या यूनुसनं गाठोडं गुडघ्यांत घट्ट धरलं होतं आणि मान खाली घालून दोऱ्याचं टोक दातांत पकडलं होतं.