मोकळा पाइप

बूस्टचा, म्हणजे टर्बोच्या दाबाचा, काटा एकवर थांबायला हवा होता. तो दीडच्या पुढे गेला आणि इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला.

"दादा, पाय काढ!" मी ओरडले.

त्याने पाय काढला आणि वर दात काढले. "काय ओढते गं! तुझ्या पाइपाने जादू केली."

"डोंबलाची जादू! इंजिन फुटेल. परत फिरव."

दुसऱ्या दिवशी चढाची शर्यत होती. मागे अशाच शर्यतीत वळणावर त्याचं इंजिन फुटलं, तेल त्याच्याच चाकांखाली सांडलं आणि गाडी कठडा तोडून खाली गेली. तो वाचला कसा, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. आई तेव्हापासून शर्यतीचं नाव काढू देत नाही. आणि याची गाडी तयार करून देणार कोण? मीच. भावाचा हट्ट, बहिणीची हौस आणि आईच्या जिवाला घोर.

गॅरेजमध्ये येऊन कामाला लागले. धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा टर्बो नवा, नळ्या नव्या, मागचा रुंद सायलेन्सर पाइप तर मी स्वतः वेल्ड केलेला. नळ्यांवर साबणाचं पाणी मारलं. कुठे बुडबुडा नाही. जास्तीचा दाब सोडून देणारी झडप हलवून पाहिली. ती व्यवस्थित उघडत होती. बूस्ट वाढवणारा कंट्रोलर काढूनच टाकला आणि गाडी पुन्हा पळवली. काटा वरच. झडपेची नळी बदलली. तरी वरच. मनगट भाजलं, पोटात अन्नाचा कण नव्हता. देवा, काहीतरी एक खराब निघू दे रे, असं मी पुटपुटत होते.

खराब काहीच नव्हतं. माझा पाइप इतका मोकळा झाला होता की धूर सुसाट बाहेर पडायचा, टर्बो भन्नाट फिरायचा आणि त्या बारक्या झडपेला तो आवरायचा नाही. ज्या पाइपाची मी गावभर फुशारकी मारली, तोच भावाच्या जिवावर उठला होता.

जुना पाइप परत चढवावा, तर त्याच्या टोकांच्या, जोड आवळायच्या चकत्या मीच कापून नव्याला लावल्या होत्या, अगदी तंतोतंत बसाव्यात म्हणून. राहिलेला पाइप भंगारात गेला होता. माझ्यासारखी शहाणी मीच.

शेवटी जाड पत्र्याची चकती कापली, मधे लहान भोक ठेवलं आणि धुराची वाट अडवायला ती पाइपाच्या जोडात बोल्टने आवळली. गाडी पळवली. काटा एकवर आला आणि थांबला. मला रडूच कोसळलं.

दादाचं तोंड मात्र उतरलं. "मेली गं गाडी. हिने मी काय जिंकणार? टीमवाले म्हणालेत, ही शेवटची संधी. काढ ते."

"नाही काढणार."

"नको काढूस. उद्या तिथे मी काढतो. बोल्टच तर आहेत."

तो काढणारच होता. पाना हातात आला की तो कुणाच्या बापाचं ऐकत नाही. तो हेल्मेट आणायला घरी गेला तशी मी वेल्डिंग मशीन चालू केली. चकती चहूबाजूंनी वेल्ड करून टाकली आणि बोल्टांची डोकी घासून सपाट केली. घाईत वेल्डिंग वेडंवाकडं झालं.

सकाळी शर्यतीआधी तो पाना घेऊन गाडीखाली गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता.

"माझं वाटोळं केलंस तू."

"हो," मी म्हणाले. "केलं."

तो शेवटून दुसरा आला. टीमने त्याला पुन्हा बोलावलं नाही.

अजून तो माझ्याशी बोलत नाही. जेवायला माझ्या समोरच बसतो. मीठ हवं असलं की आईकडे मागतो. मीठ माझ्या हाताशी असतं. मी ते त्याच्याकडे सरकवते.