पोळ्याचं आवतन

सहदेवाला हॉकी खेळता येत नव्हती, हे अकोल्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. चेंडू उजवीकडं गेला की हा बाप्पा डावीकडं पाही, अन् काठी धरे ती कुदळ धरल्यासारखी. तरी खुशालरावांच्या संघात त्याची जागा पक्की होती. मध्यप्रांत-वऱ्हाडात कुठंही हा संघ उतरला की समोरचे आधी विचारत, "सहदेव आला हाये का?" आला असला तर निम्म्यांचं अवसान तिथंच गळे.

खुशालराव म्हणजे अकोल्यातले जिनवाले, कापसाची सरकी काढायच्या कारखान्याचे मालक. कापसाचा हंगाम सरला की त्यांचा सगळा जीव हॉकीत. खेळाडू पगारावर ठेवत, अन् त्यांतला सगळ्यांत लाडका गोवर्धन. पोरगा पळायला लागला की चेंडू त्याच्या काठीला चिकटलाच म्हणून समजा. पण चांगलं खेळणाऱ्याला कोण सुखानं खेळू देतो? समोरचे त्याच्या नडग्या फोडायलाच बघत. म्हणून सहदेव. गोवर्धनाला कुणी काठी मारली की सहदेवानं धावून जायचं, त्या माणसाला मारायचं, त्याचा मार खायचा, अन् पंचानं बाहेर काढलं की मुकाट्यानं बाहेर बसायचं. हीच त्याची नोकरी. कागदोपत्री तो जिनातला मुकादम होता, एवढंच.

हा गोवर्धन सहदेवाचा मेहुणा. रुख्मिणीचा पाठचा भाऊ.

सुरू झालं तेही त्याच्याचपायी. सहदेव मूळचा बार्शीटाकळीचा माळी. एकदा वांगी-कोथिंबिरीची गाडी अकोल्याच्या बाजारात खाली करून तो मेहुण्याचा खेळ बघायला गेला, तर कुणीतरी गोवर्धनाच्या पाठीत काठी घातली. सहदेव धोतर खोचून मैदानात शिरला अन् त्या गड्याला उचलून आपटला. लोक हसले, पंच बोंबलला, खुशालराव मात्र खुर्चीतून उठून म्हणाले, "हा मानूस मले पायजे!"

रुख्मिणीची माय गोदाबाई हिवरखेडाहून खास आली अन् तिनं जावयापुढं पदर पसरला. "जवाईबापू, एकच पोरगं हाये मले. त्याच्या हातापायाले जपा." सहदेवानं मान डोलावली. तेव्हा रुख्मिणीही खुशीत होती. नवऱ्याला पगार, भाऊ सुखरूप, आणखी काय पाहिजे? नवरा घरी आला की ती त्याच्या फुटलेल्या भुवईत हळद भरी अन् चिडवी, "आला माहा मारका बैल!" तोही हसे.

मग हळूहळू ते हसणं गेलं. सहदेव ओल्या वाफ्यालाच पुन्हा पाणी देऊ लागला. मिरचीचा अख्खा वाफा त्यानं असा कुजवला, अन् विचारलं तर म्हणे, "आजच तर पह्यल्यांदा देल्लं." कानात भुंगा गुणगुणतो म्हणून भर दुपारी उशीत डोकं खुपसून पडे. लोक म्हणत, याला मारामारीची हौस. हौस कसली डोंबलाची! सामन्याच्या आदल्या रात्री तो ओट्यावर जागाच बसून राही, ते रुख्मिणीनं पाहिलं होतं. अकोल्याच्या डॉक्टरनं तर तिच्यादेखत सांगितलं, "डोक्याला आणखी एक मार बसला तर डोळे जातील. कदाचित जीवही."

"सोडा आता हे," रुख्मिणी म्हणाली. "सुरी सोन्याची झाली म्हनून काय उरात खुपसून घ्याची?"

"अन् गोवर्धन?"

"खुशालराव पाहतीन दुसरा मानूस."

"दुसरा मानूस त्याच्यासाठी आपलं डोकं काहून फोडून घेईन?" सहदेव म्हणाला.

त्या साली अमरावतीशी कपाचा सामना नेमका पोळ्याच्या सकाळी ठरला. शहरातल्या लोकांना सुट्टी दिसते, पोळा कुठं दिसतो! अमरावतीकडं जानराव होता. तो म्हणजे तिकडचा सहदेवच. दोघांनी एकमेकांचे दात पाडले होते, अन् सामना सरल्यावर एका बाकावर बसून चहाही प्याले होते. त्यांचा आपसांत एक रिवाज ठरून गेला होता. जानरावानं सुरुवातीलाच गोवर्धनाला एक मारायची, सहदेवानं धावून येऊन जानरावाला भिडायचं, दोघांची डोकी शेकली की मिटलं. मग सामनाभर कुणी कुणाला हात लावत नसे. रुख्मिणीनं हे नवऱ्याच्या तोंडून कितीदा तरी ऐकलं होतं.

आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होती. सासऱ्यांनी, शालिकरामांनी, बैल धुऊन आणले. रुख्मिणीनं त्यांच्या खांद्यांना तूप-हळद चोळली अन् रीतीप्रमाणं त्यांच्या कानाशी म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." एकदा हे आवतन दिलं की दुसऱ्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवणं पाप. नुसतं सजायचं, मिरवायचं अन् पुरणाची पोळी खायची.

वाटीत थोडी तूप-हळद उरली होती. ओट्यावर सहदेव आपलाच खांदा दाबत बसला होता. रुख्मिणी त्याच्यापाशी गेली, त्याचं उपरणं बाजूला सारलं अन् खांदा चोळू लागली.

"रुखमे, हे काय करून राहिली?"

"बैलाचं करून राहिली," ती हसत म्हणाली, अन् म्हणता म्हणता तिला रडू फुटलं. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

सहदेव हसायला लागला होता, त्यानं तिचा हात धरला.

"आवतन घेतलं ना? मंग उद्या जू नाई. उद्या कोनाच्या अंगावर जाचं नाई, कोनावर हात उगाराचा नाई. तुमाले माह्या गळ्याची आन हाये."

"अन् गोवर्धन?"

"तो पळते चांगला. एक दिवस त्याले कोन गाठते?"

सहदेवानं उपरणं पुन्हा खांद्यावर घेतलं. मग "बरं" म्हणाला. त्या एका शब्दानं तिच्या जिवावरचा धोंडा उतरला.

पहाटेच खुशालरावांची मोटारलॉरी आली अन् सहदेवाला अन् सणासाठी बहिणीकडं आलेल्या गोवर्धनाला घेऊन गेली. रुख्मिणीनं दिवसभर पुरण वाटलं, दाराला तोरण बांधलं, शेजारणीशी थट्टा केली. कितीतरी दिवसांनी तिला असं हलकं वाटत होतं. दुपार कलल्यावर गावाबाहेर पोळा भरला, झडत्यांची गाणी झाली, वेशीवरचं तोरण तुटलं अन् पोळा फुटला. शालिकराम बैल घेऊन दारात आले. रुख्मिणी आरतीचं ताट घेऊन बाहेर आली, तोच लॉरी येऊन थांबली.

सहदेव उतरला. कपाळावर साधा ओरखडाही नव्हता. तिनं मनातल्या मनात देवाचे पाय धरले. तेवढ्यात सहदेव लॉरीकडं वळला, वाकला, अन् त्यानं गोवर्धनाला पाठीवर घेतलं. गोवर्धनाच्या उजव्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत फळ्या बांधल्या होत्या. काल जिथं तिनं हळद चोळली, त्याच खांद्यावर त्याची मान टेकलेली होती.

"अगं माय!" रुख्मिणीच्या तोंडून एवढंच निघालं. ताट तिनं कसंबसं ओट्यावर ठेवलं.

सहदेवानं त्याला आत बाजेवर निजवलं. गोवर्धन छताकडं पाहत बहिणीला सांगू लागला. "गुडघ्याचा चुरा झाला, बाई. डॉक्टर म्हने, पळनं इसर आता. जानरावनं पह्यली मारली अन् थांबला. थांबला तो, बाई! भाऊजीकडं पाहत उभा राहिला. मीही पाहत होतो. अन् हे हात मांगं बांधून उभे! मंग त्यानं दुसरी घातली." तो सहदेवाकडं वळला. "काहून नाई आले, भाऊजी? आता तरी सांगा."

"भेव वाटलं," सहदेव म्हणाला.

साफ खोटं! सगळ्या वऱ्हाडात ज्याच्या नावानं माणसं घाबरत, तो खाली मान घालून हे बोलत होता.

"भेव? तुमाले?" गोवर्धनानं भिंतीकडं तोंड फिरवलं. "बाई, मी भाऊजीच्या पंगतीत जेवत नाई."

सहदेव हातपाय धुऊन पाटावर बसला. "वाढ," तो म्हणाला. "आवतन होतं ना." त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. दिलेला शब्द पाळून आलेला माणूस जेवायला बसतो तसा तो बसला होता. तिनं ताटात पोळी वाढली. त्यानं तिच्याकडं पाहिलं अन् हळूच मान हलवली, म्हणजे तू बोलू नको. गप्प राहिलं तर नवरा वाचलेलाच होता, अन् भाऊही आपलाच राहणार होता. फार सोपं होतं ते. आजवर त्यानं गोवर्धनाच्या वाटचा मार खाल्ला, आज तिच्या वाटचा खायला बसला होता. रुख्मिणीला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"गोवर्धन," ती म्हणाली, "त्यायले भेव नाई वाटलं."

"रुखमे, राहू दे."

"नाई. आन मी घातली होती. कोनाच्या अंगावर जाऊ नका, असं मीच म्हनली."

गोवर्धनानं तोंड पुन्हा तिच्याकडं फिरवलं. "जानराव मले मारनारच, हे ठाऊक होतं ना तुले?"

"होतं."

"मंग मी नाई आठवलो, बाई?"

नाही म्हणता आलं असतं. नवऱ्याच्या काळजीत विसरले म्हटलं असतं, तर त्यानं मानलंही असतं.

"आठवला होता," रुख्मिणी म्हणाली. "यायनं इचारलंही होतं मले, 'अन् गोवर्धन?' म्हनून."

बाहेरून शालिकरामांनी हाक दिली, "सूनबाई, बैल खोळंबले वो!" ती पोळ्या घेऊन बाहेर गेली. बैलानं पोळी खाल्ली अन् तिच्या तळव्याला लागलेलं तूपही चाटून घेतलं. आत गोवर्धन हमसून हमसून रडत होता, अन् सहदेव आपलं ताट बाजेशी नेऊन त्याला म्हणत होता, "घे, दोन घास खाय."