नवसाचे डोळे

सोलापूरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये लेआबाई अष्टमकरशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. बायबलातल्या लेआचे डोळे अधू होते म्हणतात. या लेआची नजर मात्र घारीची. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून तिने अर्धं आयुष्य काढलं होतं. तापलेला रोगी असो की तापलेला डॉक्टर, दोघांना ती एकाच आवाजात गप्प करी. जातीने ती बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेली मराठी यहुदी. नवरा शालोम लोकोशेडमध्ये फिटर होता. तो घरात फारसा बोलत नसे, कारण त्याची पाळीच येत नसे.

लेआबाईचं सगळ्यात मोठं भांडण मात्र देवाशी होतं, आणि ते दहा वर्षं चाललं होतं. एकोणीसशे अठरा सालच्या साथीच्या तापात तिची एकुलती एक शेगुला गेली. त्या महिन्यात लेआबाईने गावाच्या पोरांच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या आणि स्वतःची नऊ वर्षांची पोर हातातून निसटली. तेव्हापासून तिने शब्बाथचा दिवा लावला नाही. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत यहुदी घरात बाईने हा दिवा लावायचा असतो. अष्टमकरांचा काचेचा दिवा छताला टांगलेला होता, तो तसाच कोरडा टांगलेला राहिला. देव आहे की नाही, हा प्रश्न लेआबाईला कधी पडला नाही. देव आहे आणि त्याने उत्तर दिलं पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं होतं.

भिंतीला भिंत लागून कार्मेलीन रेबेलो राहायची. गोव्याची कॅथलिक, इंजिन ड्रायव्हरची विधवा, मऊ बोलणारी आणि आत दगडासारखी हट्टी. दुःख आलं की ती भिंतीवरच्या क्रुसाकडे बघायची आणि म्हणायची, हे तुझ्या दुःखात मिळव. लेआबाई म्हणायची, त्याला आधीच कमी आहे का, आणखी कशाला त्याच्या डोक्यावर घालतेस. शेगुला गेली तेव्हा लेआबाई रीतीप्रमाणे सात दिवस जमिनीवर बसली होती. कार्मेलीन तेव्हा रोज येऊन शेजारी बसली आणि शहाणपणाचा एक शब्द बोलली नाही. त्या न बोलण्यावर दोघींची पुढची दहा वर्षं उभी होती.

आता कार्मेलीनच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. भाकरी तव्यावर की तव्याबाहेर, हे ती हाताने चाचपून बघायची. थंडीत पुण्याहून डोळ्यांचे मोठे डॉक्टर आठ दिवसांसाठी दवाखान्यात येत. लेआबाईने परस्पर तिचं नाव सांगून ठेवलं आणि घरी येऊन फर्मान काढलं: सोमवारी आंघोळ करून तयार राहा. मोतीबिंदू पुरता पिकलाय, आणखी वर्ष थांबलीस तर डोळे हातचे जातील.

कार्मेलीन नाही म्हणाली. मऊपणेच म्हणाली, पण नाही म्हणाली. लेआबाईने भीती दाखवली, लाडीगोडी लावली, शेवटी तिच्या हातचा चहा प्यायचं सोडलं. तेव्हा कुठे खरी गोष्ट बाहेर पडली. लढाईच्या काळात तिचा मुलगा लिनो रेल्वेच्या पलटणीबरोबर बसऱ्याला गेला होता. महिनोन् महिने त्याचा पत्ता नव्हता. तेव्हा एका पहाटे देवळात गुडघे टेकून कार्मेलीनने नवस बोलला होता: माझे डोळे घे, पण पोर परत दे. पोर परत आलं आणि बापासारखं इंजिनावर लागलं. डोळे जायला लागले तेव्हा ती मुळीच दचकली नाही. देव आपलं घ्यायला आलाय, एवढंच तिने मनाशी म्हटलं.

"आणि गेल्या वर्षी?" कार्मेलीन म्हणाली. "तुझं ऐकून मी दवाखान्याच्या फाटकापर्यंत आले. त्याच दिवशी केम स्टेशनाजवळ म्हैस आडवी आली आणि लिनोचं इंजिन रुळावरून उतरलं. त्याचा हात भाजला. तो इशारा होता गो. मी डोळे परत मागितले तर तो पोर परत मागेल."

लेआबाई घारीच्या नजरेची खरी, पण असल्या ठिकाणी नजर काय करणार. म्हैस कुणाची होती, ती कशी सुटली, हे तिने सगळं सांगून पाहिलं. कार्मेलीन ऐकून घेई आणि जपमाळेचा मणी पुढे सरकवी. लिनो तर आईच्या पाया पडला. पाया पडताना त्याचा भाजलेला हात तिच्या बोटांना लागला आणि तिचा निश्चय आणखीच पक्का झाला.

मग लेआबाईने जे केलं ते क्वार्टर्समध्ये पुढे कित्येक दिवस बोललं गेलं. यहुद्याची बाई, डोक्यावर पदर घेऊन, ती सरळ कॅथलिक देवळात गेली आणि पाद्री सिप्रियान यांना म्हणाली की तुमच्या देवाने माझ्या शेजारणीचे डोळे गहाण ठेवून घेतलेत, ते सोडवा.

पाद्री सिप्रियान हे म्हातारे गोयंकार, गुडघ्यांनी अधू, पण डोक्याने तरतरीत. त्यांनी तिला बाकावर बसवलं. दुःख देवाने बनवलं नाही, ते म्हणाले. माणसाने पहिल्यांदा देवाकडे पाठ फिरवली तेव्हा जगाला तडा गेला, आणि त्या तड्यातून दुःख आत आलं. देव ते पुसून टाकत नाही, तर स्वतः उतरून सोसतो आणि त्यातूनही भलं उगवून आणतो. जे टळतच नाही ते सोसणं माणसाने त्याच्या हाती द्यावं. पण देव दुःखाची वसुली करत फिरतो, असं आमच्या धर्मात कुठेही नाही.

लेआबाई म्हणाली, तडा कुठून गेला हे आम्ही फारसं खणत नाही. आमच्यात सांगतात की देवाने जग जरा अर्धवटच ठेवलं, गहू दिला आणि भाकरी माणसावर सोपवली. म्हणून आम्ही जखम धुतो, आणि धुता धुता वर बघून विचारतो की का केलंस. शास्त्रातल्या ईयोबाची सगळी पोरं एका दिवसात गेली, तेव्हा त्यानेही विचारलंच होतं.

"विचारलं होतं," पाद्री म्हणाले. "देवाने त्याला कारण सांगितलं नाही. पण जे शहाणे मित्र येऊन कारणं सांगत होते, त्यांच्यावर मात्र तो रागावला."

एवढ्यावर दोघांचं एकमत झालं, आणि यहुदी बाईच्या मागोमाग म्हातारे पाद्री काठी टेकत क्वार्टर्समध्ये आले. नवस मोकळा करायचा अधिकार त्यांना होता. त्यांनी कार्मेलीनला सांगितलं की डोळे हे देवाने दिलेले, ते विकायचा हक्क तुला नव्हताच, म्हणून नवसही नव्हता. अब्राहामाने मुलाचा बळी द्यायला सुरी उचलली तेव्हा देवाने हात धरून थांबवला होता, सुरी धरली नव्हती. लेआबाईला वाटलं, जिंकलो. कार्मेलीनने पाद्रींच्या हाताचं चुंबन घेतलं, त्यांना बिबिंका खाऊ घातली, आणि ते गेल्यावर म्हणाली, "पाद्रींचं खरं असेल. पण पाद्रींना मुलगा नाही."

सोमवार गेला, मंगळवार गेला, डॉक्टरांचे आठ दिवस संपत आले. दवाखान्यातला वॉर्डबॉय हरिबा लेआबाईला म्हणाला, "बाई, आता लई येळ न्हाय. सायेब उद्या शेवटची आप्रेशनं करणार हायत की. तुमची बाई येनार का न्हाय?"

त्या संध्याकाळी लेआबाई कार्मेलीनच्या दारात उभी राहिली. ती भांडायला आली नव्हती, हे कार्मेलीनला तिच्या श्वासावरून कळलं.

"कार्मेलीन, मला एक सांग. डोळे दिलेस म्हणून लिनो वाचला."

"व्हय गो."

"मग माझी शेगुला कशाने गेली? मी काही द्यायचं विसरले होते का? त्या रात्री मीही त्याच्यापुढे पदर पसरला होता. तुझे डोळे त्याला चालले आणि माझं काहीच चाललं नाही, असं आहे का? तुझा हिशेब खरा असेल, तर माझी पोर माझ्या कंजूषपणाने मेली. तसं असेल तर तोंडावर सांग. मी उद्यापासून तुझ्या डोळ्यांचं नाव काढणार नाही."

कार्मेलीनची जपमाळ थांबली. दहा वर्षांपूर्वी ती या बाईशेजारी सात दिवस जमिनीवर बसली होती, आणि त्या सात दिवसांत असला विचार तिच्या मनाला शिवला नव्हता. पण दहा वर्षं मनात जपलेल्या नवसाचा अर्थ दुसरा काय होता? ती उठली, भिंतीला हात लावत दारापर्यंत आली आणि लेआबाईचा चेहरा तिने दोन्ही हातांनी चाचपला. चेहरा ओला होता. क्वार्टर्समध्ये तो कुणी कधी ओला पाहिला नव्हता, आणि जिने हात लावून ओळखला तिलाही तो दिसत नव्हता.

"नाही," कार्मेलीन म्हणाली. "तसा देव नाही. तसा असेल तर मला नको." मग म्हणाली, "सकाळी किती वाजता निघायचं?"

ऑपरेशन झालं. डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, हलायचं नाही, खोकायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही. कार्मेलीन पुतळ्यासारखी पडून राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी लिनोची मालगाडी केमकडून यायची होती. गिरणीचा भोंगा होऊन गेला तरी गाडी आली नाही. कार्मेलीन विचारत नव्हती, पण तिची बोटं चादरीवर मणी मोजत होती. लेआबाई म्हणाली की मी जरा औषधं घेऊन येते, आणि टांगा करून स्टेशनावर गेली.

तिथे कुणाला काही ठाऊक नव्हतं. गाडी मागे कुठेतरी थांबली आहे, तारेला उत्तर नाही, एवढंच. फलाटाच्या टोकाला जाऊन लेआबाईने रुळांकडे नजर लावली. तिनेच मैत्रिणीला पटवलं होतं की देव असला सौदा करत नाही. आणि आता लिनोला काही झालं तर? तिचे ओठ आपोआप हलायला लागले. बेने इस्राएल घरात अडचण आली की एलियाहू नबीच्या नावाने गोड मलिद्याचा नवस बोलतात. तिच्याही तोंडात शब्द आले, लिनोला आण, मलिदा करीन. शेवटचा शब्द बाहेर पडायच्या आत तिने तो गिळला. नवस चुकीचा, हे परवा दुसरीला सांगणारी बाई आज तोच करायला निघाली होती. तिला स्वतःची लाजही वाटली आणि रागही आला, आणि रागावली की लेआबाईला बरं सुचत असे.

तिने वर आभाळाकडे बघितलं. दहा वर्षांत ती त्याच्याबद्दल पुष्कळ बोलली होती, त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

"मी काही देणार नाही," ती म्हणाली. "डोळे नाही, मलिदा नाही, काही नाही. माझी पोर का नेलीस ते तू सांगितलं नाहीस, ते भांडण मी सोडलेलं नाही. पण त्या बाईने तुझ्यावर भरवसा ठेवून डोळे उघडायला दिलेत. तिची लाज राखायची ती तू राख."

शेजारच्या हमालाने तिच्याकडे वळून पाहिलं. लेआबाईने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो लगेच दुसरीकडे बघू लागला. फलाटाच्या कठड्याला धरून ती उभी राहिली. सिग्नलचा हात पडला तेव्हा ऊन उतरलं होतं. मालगाडी धापा टाकत आली, आणि इंजिनातून कोळशाने काळा झालेला लिनो वाकून ओरडला, मावशी, आईचं काय झालं? वाटेत एका डब्याच्या चाकाचा आस तापला होता, म्हणून गाडी खोळंबली होती. लेआबाईने त्याला धडधाकट हातापायांनी खाली उतरलेलं पाहिलं आणि भर फलाटावर त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

पट्ट्या निघाल्या त्या दिवशी लिनो, लेआबाई, हरिबा, आणि सुट्टी काढून आलेला शालोमसुद्धा खाटेभोवती होते. डॉक्टरांनी कार्मेलीनच्या डोळ्यासमोर एक जाड भिंग धरलं आणि समोर कोण आहे ते विचारलं. कार्मेलीनने बराच वेळ निरखून पाहिलं.

"माझा लिनो," ती म्हणाली. "पण अरे, तुला टक्कल पडलंय की."

वॉर्डातल्या सगळ्या खाटा हसल्या. डॉक्टरही हसले. लिनो हसत आणि रडत डोक्यावरून हात फिरवत राहिला. हरिबा धावत पुढच्या वॉर्डात गेला, आणि दुपारपर्यंत दवाखाना, लोकोशेड आणि पाद्री सिप्रियान यांचं देऊळ, सगळीकडे वर्दी पोचली की रेबेलोबाईला दिसतंय.

चष्मा यायला आणखी काही आठवडे लागले. तो आला त्या दिवशी शुक्रवार होता. जाड काचांमागे डोळे घुबडासारखे मोठे झालेली कार्मेलीन कुणाचा हात न धरता अष्टमकरांच्या घरात शिरली. तिने एकेक वस्तू बघितली: चूल, फडताळ, शेंगांच्या चटणीची बरणी, शालोमच्या पिकलेल्या मिशा. मग तिने मान वर केली. काचेच्या दिव्यात कोळ्याने जाळं विणलं होतं.

लेआबाई म्हणाली, "बघू नकोस तिकडे. माझं भांडण अजून मिटलेलं नाही."

"मिटव कोण म्हणतंय," कार्मेलीन म्हणाली. "मी इतकी वर्षं अंधारात सोसत बसले, तू अंधारात भांडत बसलीस. भांड ना. पण दिवा लावून भांड. त्याला तुझं तोंड दिसू दे, आणि मलाही."

शालोमने बायकोकडे पाहिलं, स्टूल आणलं आणि न विचारता दिवा खाली काढला. कार्मेलीनने तो स्वतः पुसला, काच उन्हाकडे धरून पुन्हा पुसला, आणि एकही डाग राहिला नाही हे सगळ्यांना दाखवलं. शालोमने तेल घातलं. सूर्य बुडायला थोडा वेळ होता. लेआबाईने पदर डोक्यावर घेतला, वात पेटवली आणि रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले. दहा वर्षांनी शब्द आठवतील की नाही अशी तिला धास्ती होती, पण ते सगळे आले. मधेच एकदा शेगुलाचं नाव आलं, ते त्या प्रार्थनेत नसतं.

तिने हात काढले तेव्हा समोर दिवा होता, आणि दिव्यापलीकडून दोन मोठाले डोळे तिच्याकडे बघत होते.

"म्हातारी झालीस गो तू," कार्मेलीन म्हणाली.

"तुला दिसतंय ना," लेआबाई म्हणाली. "मग झालं तर."