ऐकणाऱ्यांची गर्दी

"एकटेपणा नावाची गोष्ट जगात अस्तित्वातच नाही! रिकामटेकड्या लोकांनी काढलेलं ते फॅड आहे. माणूस शिस्तीत जगला, तर मरेपर्यंत त्याला दुसऱ्या माणसाची गरज लागत नाही!" असं आत्माराम परुळेकर यांनी चोवीस डिसेंबरच्या सकाळी फोनवर ठणकावून सांगितलं. पलीकडच्या विमा विकणाऱ्या मुलीनं चार मिनिटांपूर्वीच फोन ठेवला होता. हे लक्षात आल्यावर परुळेकरांनी तो नंबर परत लावून पाहिला. लागला नाही.

परुळेकर वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले. अजूनही त्यांनी नुसतं डोळे बारीक करून पाहिलं की भाजीवाली आपणहून एक कांदा जास्त टाकत असे. पत्नी मीराबाई जाऊन चौदा महिने झाले होते. मुलगी ज्ञानदा मेलबर्नला. वसईच्या दोन खोल्यांत परुळेकर, टीव्ही आणि एक गोष्ट, असे तिघे राहत.

ती गोष्ट मीराबाईंच्या शेवटच्या दिवसाची होती. परुळेकरांनी ती कुणालाही सांगितली नव्हती. ज्ञानदाला तर मुळीच नाही. छातीत ती अशी ठाण मांडून बसली होती की जेवणाचा घास तिला वळसा घालून खाली उतरे. कुणाला तरी सांगून टाकावी असं त्यांना रोज वाटे आणि रोज ते भलतंच काहीतरी बोलत. मानसिक आधार देणाऱ्या सरकारच्या टेलिमानस सेवेला, १४४१६ वर, त्यांनी दोनदा फोनही केला होता. पहिल्यांदा, सेवा खरोखरच चोवीस तास चालते का, हे विचारलं. चालते म्हटल्यावर अभिनंदन करून ठेवला. दुसऱ्यांदा, ती अजून चालू आहे ना, याची खात्री केली.

अकराच्या सुमारास ज्ञानदाचा फोन आला.

"बाबा, मी एक पोस्टर पाठवलंय. वाचलंत का?"

वाचलं होतं. 'नाताळात सगळं जग आनंदात आहे आणि आपणच तेवढे नाही, असं वाटतंय? या. बसा. बोला. नंदाखाल, आल्बिनाबाईंच्या वाडीत, आठवडाभर रोज चार ते सात. चहा आहे. उपदेश नाही.'

"माझी कॉलेजातली मैत्रीण रिटा आहे ना, ती करते हे. मुंबईला हॉस्पिटलात समुपदेशक आहे. नाताळात निम्मे डॉक्टर सुट्टीवर, आणि लोकांना नेमका तेव्हाच त्रास होतो, म्हणते. सुट्टी टाकून घरीच बसते आठवडाभर."

"चांगलं आहे. पण मला काय झालंय?"

"तुम्हाला काही झालं नाही, म्हणून तर! तिला ऐकणारी माणसं कमी पडतायत. शांत, जबाबदार, अनुभवी."

परुळेकरांनी पाठ ताठ केली. मग म्हणाले, "शासकीय अनुभव चालेल का?"

"धावेल, बाबा."

चारला दहा कमी असताना परुळेकर नंदाखालला पोचले. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. केळीच्या बागेतून पायवाट घराकडे जात होती. माडाला कागदी चांदणी टांगली होती, अंगणात येशूजन्माचा गोठा अर्धवट उभा होता आणि गोठ्यातल्या गवतावर घरची खरीखुरी कोंबडी बसली होती. मेंढपाळ तिच्या मर्जीबाहेर ठेवता येत नव्हते.

रिटानं त्यांच्या शर्टाला बिल्ला लावला : 'मी ऐकतो.'

"काका, तीनच नियम. मधे बोलायचं नाही. सल्ला द्यायचा नाही. आणि 'एवढंच ना?' असं कधी म्हणायचं नाही."

"मग आपण नक्की करायचं काय?"

"ऐकायचं."

परुळेकरांनी ते वहीत लिहून घेतलं.

ओटीवर आणखी दोन ऐकणारे आधीच तयार होते. एक होते कामणहून आलेले श्रीपतदादा, धोतर, टोपी, पासष्टीचे. दुसरी दीपिका, सव्वीस-सत्तावीसची, विरारला मैत्रिणींबरोबर भाड्यानं राहणारी. तिघांसमोर उशी घातलेली एक खुर्ची होती. ती बोलणाऱ्याची. रिकामी.

साडेचार झाले. खुर्ची रिकामी. घरात रिटाची आई आल्बिनाबाई लाटत होती, तळत होती, आणि दारातून दर पाच मिनिटांनी विचारत होती, "आला का रे कोन?" तिला बिल्ला नव्हता. "आईला दिला तर ती समोरच्याला बोलूच देणार नाही," असं रिटानं खाजगीत सांगितलं. ते आईनं आतून ऐकलंच, आणि मायलेकींची त्यांच्या बोलीत खडाजंगी झाली. परुळेकरांना त्यातला एकही शब्द कळला नाही, पण बिल्ला मिळाला नाही एवढं कळलं.

पाचला पाच कमी असताना एक मोटारसायकल फाटकाशी थांबली. हेल्मेट काढत एक तरुण आत आला. ओटीवरचे तिघे ताठ बसले. श्रीपतदादांनी टोपी सारखी केली.

"या, बसा," दीपिका हळुवार म्हणाली.

"नाही, मी फक्त..."

"सावकाश," श्रीपतदादा म्हणाले. "आमाला घाई नाय."

तरुण गोंधळून उशीवर बसला. त्याच्या हातात चहा आला. तिघं त्याच्याकडे एकटक पाहू लागली. परुळेकरांचे डोळे सवयीनं बारीक झाले.

"मनात काय आहे?" त्यांनी विचारलं.

"कळंब," तरुण म्हणाला. "कळंबच्या बीचला जायचंय. कॉटेज बुक केलंय. मॅप इथं केळीत घेऊन आला."

कुणी मधे बोललं नाही. कुणी सल्ला दिला नाही. शेवटी रिटानं बाहेर येऊन रस्ता सांगितला. येताना आनंदात असलेला तो मुलगा जाताना बराच चिंतेत दिसला.

"वाईट नाही झालं," परुळेकर म्हणाले. "पहिलाच होता."

"आता सराव करू," रिटा म्हणाली. "कुणी येईपर्यंत आपल्यातल्याच एकानं बोलणारा व्हायचं. खोटंखोटं. 'समजा' म्हणून सुरुवात करा. दादा, तुम्ही?"

श्रीपतदादा उशीवर जाऊन बसले. घसा खाकरला.

"समजा, एक मानूस हाय. कामनला ऱ्हातो. त्याची भाताची जमीन व्हती, तिथं आता गोडाऊन झालंय. पोरगा त्याच गोडाऊनात मॅनेजर. पैसा बरा आला, तक्रार नाय. पन मानूस सकाली उठतो, आंघोल करतो, तयार व्हतो, आन् मंग जायाला जागाच नाय."

"मग तो काय करतो?" दीपिकानं विचारलं.

"गोडाऊनच्या गेटावर जाऊन उभा ऱ्हातो. वाचमन रोज बोलतो, दादूस, कोनाला भेटायचंय? आता काय सांगू मी त्याला, शेताला भेटायचंय?"

'मी' ओटीवर तसाच पडून राहिला. कुणी उचलला नाही.

"त्या माणसाला सांगा," रिटा म्हणाली, "की मंगळवारी अकराला माझ्याकडे यायचं. आणि इथं वाडीत केळींना आळी करायची आहेत, आईला एकटीला होत नाही."

"सांगतो ना. येल तो," श्रीपतदादा म्हणाले. "मीच घेऊन येतो त्याला."

मग दीपिकाची पाळी. समजा, एक मुलगी आहे. तिला ऑफिसचं टेन्शन नाही, सुट्टीचं आहे. रूममेट गावाला गेल्या की खोलीत ती एकटीच उरते, छाती धडधडते, हातपाय गार पडतात. घरी जावं तर लग्नाचं विचारतात. सगळ्यांना सुट्टी हवी असते, हिलाच नको, म्हणजे हिचंच काहीतरी बिघडलंय.

"बिघडलं-बिघडलं काही नाही," असं परुळेकर म्हणणार होते, पण नियम क्रमांक दोन आठवून त्यांनी जीभ चावली.

"किती दिवस होतंय असं त्या मुलीला?" रिटानं विचारलं.

"दिवाळीपासून."

"त्या मुलीला म्हणावं, यावर उपाय आहे. ओळखीच्या डॉक्टर आहेत, सत्तावीसला बसतात, मी स्वतः बरोबर येईन. आणि तोवर झोपायला इथं यायचं. वरची खोली रिकामी आहे."

दीपिकानं मान हलवली आणि दुपट्ट्यानं नाक पुसलं. "सांगते तिला," ती म्हणाली. आवाज पुष्कळ हलका झाला होता.

"काका, आता तुम्ही."

परुळेकर उशीवर जाऊन बसले. खुर्ची डगमगते का ते पाहिलं. मग म्हणाले, "समजा..."

सगळे थांबले. कोंबडीसुद्धा.

"समजा, एक निरीक्षक आहे," परुळेकर म्हणाले, आणि पुढची दहा मिनिटं त्यांनी पेट्रोल पंपावरची मापं कशी तपासतात ते सांगितलं. पाच लिटरचं माप कसं धरायचं, फेस बसू कसा द्यायचा. श्रीपतदादांनी मन लावून ऐकलं. आपल्याला रोज कमी पेट्रोल मिळतं की काय, अशी नवीनच काळजी त्यांना लागली.

रिटानं चहाची सुट्टी केली.

श्रीपतदादा आणि दीपिका कोंबडीला गोठ्यातून हलवायला गेले. परुळेकर चिडले होते, मुख्यतः स्वतःवर. हाताला चाळा म्हणून त्यांनी टेबलावरची नोंदवही उघडली. 'ऐकायला येणारे' या पानावर आठवडाभराची मिळून एकोणीस नावं होती. 'बोलायला येणारे' हे पान कोरं.

"हे काय?" त्यांनी रिटाला पकडलं.

रिटा जराही वरमली नाही. "मागच्या वर्षी नुसतं 'बोलायला या' म्हणून बोर्ड लावला होता, काका. आठ दिवसांत एक माणूस आला. तो विजेचं मीटर बघायला आला होता. यंदा सगळीकडे सांगितलं, ऐकणारे कमी पडतायत. बघा."

"म्हणजे आम्हाला फसवून आणलंत? चुकीचं माप दिलंत?"

"माप बरोबर आहे, काका. लेबल चुकीचं आहे."

"तो वेगळा गुन्हा आहे," परुळेकर म्हणाले. पण तोंडातून निघताना त्या वाक्यातली हवाच गेली. मेलबर्नला बसलेल्या मुलीनं आपल्याला केवढ्या सफाईनं तोलून इथं पाठवलं, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना चक्क अभिमान वाटला.

रिटा चांदणीची वायर बघायला अंगणात गेली. आतून आल्बिनाबाई परात घेऊन आली आणि ओटीवरच्या पाटावर फतकल मारून नेवऱ्या भरायला बसली. खोबऱ्याचं सारण, बाजूला कातणं.

"भाऊ, रिकामे हायत तर या. कडा कापा. आमच्या रिटाचा ऐकन्याचा कारभार असाच. काल एक मास्तर आला, तो पन ऐकायला. तीन तास बोलला. बरं, तुम्ही कुठले? परुळेकर म्हंजे खालचे, कोकणातले ना? बायको कुठं हाय?"

तीन प्रश्न, तिसरा सरळ वर्मावर. परुळेकरांनी खुर्ची ओढून तिच्याजवळ घेतली, धपकन बसले, कातणं हातात घेतलं. आणि कडा कापता कापता त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "गेली."

आल्बिनाबाई काहीतरी बोलायला गेली. तोंड उघडलंही. मग मिटलं.

"हॉस्पिटलात होती," परुळेकर म्हणाले. "रोज सकाळी तिचं वजन करायचे. मी काटा बघितला. सातशे ग्रॅम कमी दाखवत होता. मला दिसतं ते, बघितल्याबरोबर. मी नर्सला म्हटलं, औषधाचा डोस वजनावर ठरतो, हा काटा प्रमाणित नाही. ती म्हणाली, ऑफिसात तक्रार करा. मी निघालो. मीरा म्हणाली, 'बसा ना जरा.' मी म्हटलं, आलोच."

एक नेवरी वाकडी कापली गेली. त्यांनी ती तशीच ताटात ठेवली.

"खाली फॉर्म नव्हता. मी कोऱ्या कागदावर लिहिलं. कलम घातलं, तारीख घातली. पोच मागितली. शिक्का मिळायला वीस मिनिटं लागली. वर आलो तर..."

कातणं थांबलं. पुढचं त्यांनी सांगितलं, मग मागचं सांगितलं, मग मीराबाई आमटीत चिंच किती घालत ते सांगितलं, आणि पोच अजून पाकिटात आहे ते काढून दाखवली. मधे एकदा ते चष्मा पुसायला थांबले. एरवी दोन वाक्यं मधे न बोलता ऐकू न शकणारी ती बाई अर्धा तास जागची हलली नाही. अंगणातून रिटानं दोनदा वळून पाहिलं. आपली आई एवढा वेळ गप्प आहे म्हणजे तिला बरं आहे ना, अशी तिला शंका आली असावी.

परुळेकर थांबले. छातीत हात घालून पाहावं तसं त्यांनी आत चाचपलं. गोष्ट होती, पण सरकून बसली होती. शेजारी जागा झाली होती.

"काटा बदलला का मंग त्यांनी?" आल्बिनाबाईनं विचारलं.

"बदलला. आठवड्यानं पत्र आलं."

"मंग मागून आलेल्यांचं तरी नीट झालं." तिनं पिठाचा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. "आन् तुम्ही काय भटकायला गेला नव्हता, भाऊ. तिच्याच कामाला गेला होता. तिला ठाऊक व्हतं. चौतीस वर्षं तिनं दुसरं काय बघितलं? 'आलोच' म्हटलं म्हंजे शिक्का घेऊनच येनार."

परुळेकर हसले. हसता हसता डोळे भरले आणि ते त्यांनी भरू दिले. आज ज्ञानदाला फोन करून सगळं सांगायचं, हे त्यांनी मनाशी ठरवलं. उद्याही यायचं, परवाही. माडावरच्या चांदणीत दिवा लागला आणि श्रीपतदादांनी टाळ्या वाजवल्या. इतकं बरं परुळेकरांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. या बाईचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत, ते कळेना.

"आल्बिनाबाई," ते सद्गदित होऊन म्हणाले, "माझं असं आजवर कुणी ऐकलं नाही. तुमच्यासाठी मी काय करू, सांगा."

"सांगू? रागवू नका हां," आल्बिनाबाई म्हणाली. "जरा उठता का? मघापासून तुमच्या खुर्चीचा पाय माझ्या पदरावर हाय, आन् आत तेल तापलंय."