मक्याच्या पिशवीची गाठ

मी एक जुनी पिशवी आहे, मित्रांनो. पोटावर हिरव्या पानाचा शिक्का आणि खाली 'मक्यापासून बनवलेली' अशी अक्षरं. केवढा तोरा होता मला त्या पानाचा! आता मळवलीजवळच्या एका शाळेत काचेच्या बरणीत बसले आहे.

मक्याच्या सत्त्वापासून एका कारखान्यात माझा जन्म झाला. पुढे लोणावळ्याच्या दुकानातून पाहुण्यांची चिक्की घेऊन मी मळवलीच्या एका बंगल्यावर आले. तिथली देखभाल नंदाबाई करायची. पाहुणे गेले की उरलंसुरलं अन्न ती घरी नेऊन घमेल्यात ओतायची आणि तांबूला घालायची. तांबू तिची गाभण गाय. "औंदा कालवडच व्हईल बघा," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

नंदाबाईची लेक प्रेरणा नववीत होती. विज्ञानाच्या अनघाबाई पॉलिमर शिकवणार म्हणून तिनं मला शाळेत नेलं. बाईंनी पोरांना हातात हात धरून उभं केलं. "एकेक जण म्हणजे एक रेणू आणि ही लांबलचक साखळी म्हणजे पॉलिमर. साध्या प्लास्टिकची साखळी जिवाणूंना तोडता येत नाही. या मक्याच्या पिशवीची तुटते." सगळे माझ्याकडे कौतुकानं बघू लागले. अहाहा, काय तो मान!

"पण त्यासाठी कचऱ्याचं खत करणाऱ्या कारखान्यातली उष्णता लागते. साध्या उकिरड्यात किंवा..." एवढ्यात घंटा झाली आणि पोरं हात सोडून पळाली. प्रेरणा सगळ्यांच्या पुढे होती.

घरी येऊन ती म्हणाली, "आई, घमेल्यात कशाला वततीस? पिशवीसकट टाक. मक्याची हाय, पोटात इरघळंल."

"खरंच व्हय गं?"

"बाईंनी शिकवलंय."

नंदाबाई चौथी शिकलेली. लेकीच्या शिक्षणावर तिचा देवाइतका भरवसा. प्रेरणानं माझ्यात शिळ्या चपात्या भरल्या, घट्ट गाठ मारली आणि मला तांबूपुढे टाकलं. तांबूनं मला गिळलं. पुढचे कित्येक दिवस माझ्यामागून बंगल्यावरच्या माझ्या कितीतरी बहिणी आल्या.

आत ऊब होती, ओल होती. मी विरघळायची वाट पाहिली हो, अगदी मनापासून पाहिली. पण माझी साखळी काही तुटेना. तांबूचं रवंथ थांबलं, पोट फुगलं. गुरांचे डॉक्टर आले तोवर तांबू गेली होती.

त्यांनी पोट उघडून आमचा गोळा बाहेर काढला. गर्भही काढला. नंदाबाई एवढंच म्हणाली, "कालवडच व्हती की." लेकीला ती एका शब्दानं बोलली नाही. त्यापेक्षा चार धपाटे घातले असते तर बरं, असं प्रेरणाला वाटलं.

तिनं मला धुतलं आणि शाळेत नेऊन बाईंच्या टेबलावर ठेवलं. सगळं ऐकून बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पोरांना पुन्हा हातात हात धरून उभं केलं आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं. "साध्या उकिरड्यात किंवा जनावराच्या पोटात ही कुजत नाही." घंटा झाली, पण कुणी हात सोडला नाही.

मित्रांनो, पानाच्या शिक्क्यावर भुलू नका. ऐकाल ते पुरतं ऐका, आणि मुक्या जनावरापुढे अन्न ठेवताना पिशवीची गाठ सोडून, ओतून ठेवा. माझी गाठ अजून तशीच आहे. प्रेरणा बरणी पुसायला येते, गाठीकडे बघते आणि झाकण न उघडताच जाते.