दिल्लीची शिक्षा

बुधवार पेठेत विजेच्या सामानाचे दुकान चालविणाऱ्या श्यामसुंदररावांना आयुष्यात दोन गोष्टींचा सार्थ अभिमान होता. एक म्हणजे त्यांचा जन्म पुण्यात झाला होता, आणि दुसरी म्हणजे त्यांना हिंदी येत होते. पहिल्या गोष्टीला पुरावा लागत नाही. दुसरीचा पुरावा म्हणून शाळकरी वयात दिलेल्या हिंदीच्या परीक्षेचे प्रमाणपत्र दुकानात गल्ल्याच्या मागे, गणपतीच्या तसबिरीशेजारी, काचेत मढवून लावलेले होते. गिऱ्हाईक बिहारचे असो वा राजस्थानचे, श्यामसुंदरराव त्याच्याशी हिंदीतच बोलत, आणि थोड्या वेळाने गिऱ्हाईक आपण होऊन मराठीवर येई. यातील मर्म त्यांच्या ध्यानात कधी आले नाही.

अशा या सुखवस्तू गृहस्थाच्या संसारात त्यांच्या एकुलत्या एक कन्येने, वल्लरीने, दहावीची परीक्षा संपल्याच्या दिवशीच मिठाचा खडा टाकला. बारावी झाल्यावर आपण इतिहास शिकायला दिल्लीस जाणार, असे तिने जेवणाच्या ताटावर जाहीर केले. श्यामसुंदररावांचा घास हातातच राहिला. साऱ्या देशातून पोरे ज्या गावी शिकायला येतात, त्या गावच्या मुलीने शिकायला बाहेर जावे, हे म्हणजे रत्नागिरीकराने हापूस आणायला नागपूरला जाण्यासारखे होते. त्यांनी तसे बोलून दाखविले. वल्लरीने उत्तर दिले नाही. सोळा वर्षांच्या मुलीचे मौन हे होकाराहून निराळे आणि नकाराहून घट्ट असते, हे जाणण्याइतके ते बाप होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या छत्र्यांच्या दुकानातील तात्यारावांपुढे मन मोकळे केले. तात्यारावांचा स्वभाव असा की, विचारल्यावाचून सल्ला द्यावयाचा आणि विचारल्यास दोन द्यावयाचे. "नाही म्हणू नका," ते म्हणाले. "नाही म्हटलं की पोरं पेटतात. तिला दिल्ली दाखवून आणा. पण मे महिन्यात. परत नाव काढणार नाही."

देवीची लस टोचून देवी टाळतात, तद्वत दिल्ली दाखवून दिल्ली टाळावी, ही कल्पना श्यामसुंदररावांना एकदम पटली. त्यांनी तिकिटे काढली आणि करोल बागेत एका बाईंच्या घरी राहण्याची सोय केली. मुलीला सांगितले की, दहावी झाल्याबद्दल ही सहल. पत्नीला, म्हणजे मंदाकिनीबाईंना, मात्र त्यांनी स्वयंपाकघराचे दार लोटून खरे काय ते सांगितले. "ही सहल नव्हे, शिक्षा आहे. फक्त तिला कळू द्यायचं नाही."

मंदाकिनीबाईंनी पोळी उलटली. "अहो, माहेरी जायचं म्हटलं की मेमध्ये तिकीट मिळत नाही म्हणता. शिक्षेला बरं मिळालं."

दिल्लीस ज्यांच्या घरी ते उतरले, त्या भाटियाबाई साठीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. पहिल्या मजल्यावर स्वतः राहत, तेथलीच एक खोली पाहुण्यांना देत, आणि वरच्या मजल्यावर शिकणाऱ्या मुली ठेवीत. पहिल्या दिवशी सकाळी टॅक्सी दाराशी येऊन थांबली. श्यामसुंदररावांचा बेत असा की, न्याहारी न करता निघावे, उपाशी पोटी ऊन लागावे, आणि पोरीला पहिल्याच दिवशी राजधानीचा वीट यावा. जिन्याशी भाटियाबाई भेटल्या. कोठे निघालात, असे त्यांनी विचारताच श्यामसुंदरराव अदबीने म्हणाले, "हम खाली जा रहे हैं।"

खाली जातो आहोत, टॅक्सी उभी आहे, एवढाच त्यांच्या म्हणण्याचा साधा अर्थ. परंतु हिंदीत खाली म्हणजे रिकामे. पाहुणे या उन्हाळ्यात रिकाम्या पोटी निघाले आहेत, असे वाटून भाटियाबाई कळवळल्या. त्यांनी तिघांना हाताला धरून बसविले, आणि टॅक्सी खाली उभी असता त्यांच्यापुढे बटाट्याचे पराठे, वर लोण्याचे गोळे, शेजारी दही असे मांडले. वल्लरीने तीन पराठे खाल्ले आणि अशी न्याहारी आपल्याकडे का होत नाही, असे आईला विचारले. श्यामसुंदररावांनी उत्तरेकडील आतिथ्याची मनोमन प्रशंसा केली, आणि बेताची सुरुवात बिघडल्याचे त्यांच्या उशिरा ध्यानात आले.

लाल किल्ला त्यांनी मुद्दाम भर दुपारी गाठला. पण एक गोष्ट ते विसरले होते. पुण्याच्या मुलींना डोळे तेवढे उघडे ठेवून साऱ्या तोंडाला ओढणी गुंडाळण्याचा सराव लहानपणापासून असतो. वल्लरीने दोन क्षणांत ओढणी बांधली आणि ती प्रत्येक कमानीखाली, प्रत्येक पाटीपुढे थांबून वाचीत चालली. श्यामसुंदरराव मात्र टोपी न घालता निघाले होते. पुण्याच्या माणसाला उन्हाचे काय सांगता, असे ते टॅक्सीवाल्याला म्हणाले होते. दिवाण-ए-आमच्या पायऱ्यांवर त्यांचा घोळणा फुटला. नाकाला रुमाल लावून ते सावलीत आडवे झाले, आणि ज्या मुलीस दिल्लीचा वीट यावयाचा, ती त्यांना आपल्या बाटलीतले पाणी पाजून शहाजहानची हकिगत सांगत बसली. तिला इतके बोलताना त्यांनी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते. हकिगत चांगली होती, हे त्यांना कबूल करावे लागले. अर्थात मनातल्या मनात.

दुसऱ्या दिवशी त्यांना उठवेना. भाटियाबाईंनी कैरीचे पन्हे करून आणले. त्याला त्या वेगळे नाव देत होत्या, पण जिभेला ते पन्हेच होते. पन्हे पिऊन ते झोपले आणि दुपारी उठून पाहतात तो वल्लरी घरात नाही. मंदाकिनीबाई शांतपणे म्हणाल्या की, ती मेट्रोने विद्यापीठ पाहून येते असे सांगून गेली आहे, आणि आपण जा म्हटले आहे. श्यामसुंदररावांचे पित्त खवळले. परक्या शहरी एकटी पोर, आणि तेही विद्यापीठ पाहायला. रोगी स्वतःच्या पायांनी रोगाकडे चालत गेल्यासारखे ते होते.

वल्लरी जेवणाच्या वेळेस परतली. तोंड उन्हाने लाल, आणि डोळ्यांत असे काही की जे बापाने नीट पाहिले असते तर पुढचे सारे टळले असते. तेथील झाडे, वाचनालय, भेटलेल्या मुली यांविषयी ती आईला सांगू लागली. भाटियाबाई भाजी वाढीत होत्या. श्यामसुंदररावांना राहवले नाही. परक्या बाईंसमोर मुलीला मराठीत रागावणे त्यांना अशिष्ट वाटले, म्हणून ते त्या बाईंनाच उद्देशून हिंदीत बोलले. रागाच्या भरात माणसाला आईची भाषा सुचते. त्यांनाही तीच सुचली, फक्त शेवटची क्रियापदे त्यांनी हिंदी लावली.

"भाभीजी, इस लड़की को शिक्षा देनी पड़ेगी। शिक्षा देने के लिए ही मैं इसको दिल्ली लाया हूँ।"

भाटियाबाईंच्या हातातला चमचा थांबला. त्या खुर्चीवर बसल्या. त्यांचे डोळे भरून आले. मग त्या बराच वेळ बोलत राहिल्या. आपले वडील कसे कडक होते, आपण पुढे शिकायचे नाव काढताच त्यांनी पुस्तके कशी कपाटात टाकून कुलूप लावले, आणि आज पुण्याहून एक बाप कसा आला आहे, असे ते बोलणे होते. श्यामसुंदररावांना त्यांच्या जलद हिंदीतले वडील, कडक आणि कुलूप एवढेच शब्द नीट उमगले. बाई आपल्याच पंथाच्या आहेत, असे वाटून त्यांनी मान डोलावली.

"भाईसाहब, ऊपर वाला कमरा मैं इसी के लिए रखूँगी," भाटियाबाई म्हणाल्या.

श्यामसुंदरराव दचकले. मुलीला वरच्या खोलीत कोंडून ठेवण्याइतका काही तिचा अपराध नव्हता. दिल्लीची माणसे कठोर असतात असे त्यांनी ऐकले होते, पण इतकी? ते घाईने म्हणाले, "नहीं नहीं भाभीजी, इतना नहीं। थोड़ी शिक्षा बस है।"

"थोड़ी क्यों?" भाटियाबाईंचा आवाज चढला. "शिक्षा देनी है तो पूरी दीजिए। लड़की की शिक्षा बीच में नहीं छोड़ते।"

वल्लरीने मान ताटात घातली होती. तिचे खांदे हलत होते. ती रडते आहे असे वाटून बापाचे काळीज विरघळले. मंदाकिनीबाईंनी मात्र नवऱ्याकडे, मग मुलीकडे पाहिले, आणि आणखी एक पोळी मागून घेतली.

तिसरा दिवस शेवटचा. रात्रीची गाडी होती. दिवसा राष्ट्रपती भवन पाहण्यास जाताना टॅक्सी एका सिग्नलला थांबली. समोर शाळेची लांब भिंत होती आणि तिच्यावर मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिले होते: शिक्षा हर बच्चे का अधिकार है. श्यामसुंदररावांनी ते वाचले आणि त्यांना ते मनापासून पटले. आपल्या लहानपणी हा अधिकार आपल्याला मुबलक मिळाला होता, असेही त्यांच्या मनात आले. एवढ्यात त्यांची दृष्टी अक्षरांशेजारच्या चित्रावर गेली. चित्रात पाठीवर दप्तर घेतलेली एक मुलगी हसत होती. शिक्षा भोगणारे मूल असे हसत नाही.

सिग्नल सुटला. भिंत मागे पडली. आणि शाळेतल्या त्या परीक्षेतली शब्दार्थांची जोडी, जी त्यांनी तेव्हाही चुकविली होती, दिल्लीच्या भर रस्त्यात त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. शिक्षा म्हणजे शिक्षण. कालचे जेवण त्यांनी पहिल्या घासापासून आठवून पाहिले. वरची खोली कोणासाठी, पूर्ण काय द्यावयाचे, बीच में काय सोडावयाचे नाही, हे एकेक करून उलगडत गेले, आणि प्रत्येक वाक्यानिशी त्यांच्या अंगाला नवा घाम सुटला.

"काय झालं? पुन्हा घोळणा?" मंदाकिनीबाईंनी विचारले.

"नाही."

त्यांनी वल्लरीकडे पाहिले. ती खिडकीबाहेर अशा एकाग्रतेने पाहत होती की, जणू पुढचा सिग्नलदेखील मोगलांनीच बांधला असावा. तिला सारे कळले होते. पहिल्या दिवसाच्या पराठ्यांपासून कळले होते.

राष्ट्रपती भवन त्यांनी पाहिले, पण त्यांना ते दिसले नाही. अजूनही खुलासा करता येईल, हाच एक विचार चालला होता. परंतु खुलासा करावयाचा तर दोन गोष्टी मान्य करणे प्राप्त होते. एक, आपण पोटच्या मुलीला भर उन्हाळ्यात शिक्षा म्हणून येथवर आणले. ही गोष्ट बाप म्हणून एक वेळ निभावता आली असती. दुसरी, आपल्याला हिंदी येत नाही.

संध्याकाळी सामान जिन्यात आले. भाटियाबाईंनी प्रवासासाठी पराठे बांधून दिले. मग वल्लरीच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी श्यामसुंदररावांना विचारले की, दोन वर्षांनी मुलगी येणार ना, बात पक्की ना. आपण खोली दुसऱ्या कोणाला देणार नाही, पण भाईसाहबांचा शब्द हवा.

जिना अरुंद होता. श्यामसुंदरराव मधल्या पायरीवर होते, वर भाटियाबाई, खाली मंदाकिनीबाई. वल्लरीच्या चेहऱ्यावरचे हसू या वेळी पार मावळले होते. ती पट्टा सुटलेल्या पिशवीला उगाच गाठ मारीत होती आणि ती गाठ पुन्हा सोडीत होती. अखेरीस ती मराठीत, हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्हाला काय म्हणायचं होतं ते मी सांगू का त्यांना? मला येतं हिंदी."

शेवटचे वाक्य तिने टोमणा म्हणून म्हटले की सुटका म्हणून, हे सांगणे कठीण आहे. बहुधा दोन्ही असावे. पुण्यात ही दोन निराळी मानीत नाहीत. मात्र तिने तसे सांगितले असते तर आपल्या हाताने आपली दिल्ली गमावली असती, हे श्यामसुंदररावांना स्पष्ट दिसले.

त्यांनी नाकावरचा चष्मा नीट केला.

"काही गरज नाही," ते म्हणाले. "जे म्हणायचं होतं तेच म्हणालोय. माझं हिंदी पक्कं आहे." आणि भाटियाबाईंकडे वळून, प्रत्येक शब्द तोलून, त्यांनी उच्चारले, "शिक्षा पूरी देंगे। बात पक्की।"

मग त्यांनी सर्वांत जड बॅग उचलली, आणि "चला, खाली चला," असे फक्त घरच्यांना ऐकू जाईल इतक्या हळू, मराठीत म्हणाले.

पुण्यास परतल्यावर त्यांनी दुकान उघडले, गणपतीला हार घातला आणि शेजारच्या प्रमाणपत्रावरची धूळ झटकली. झटकताना त्याच्याकडे थोडे अधिक वेळ पाहिले. इतक्यात तात्याराव छत्र्या टांगता टांगता डोकावले.

"काय हो, झाली का पोरीला शिक्षा?"

"सुरू व्हायची आहे," श्यामसुंदरराव म्हणाले. "बारावीनंतर."