पाठीवर धाकटीचे, छातीवर थोरलीचे

मिरावी बेटांच्या फुटबॉल संघाचं सामान विमानाने भलत्याच देशात नेऊन टाकलं आणि ते लचांड दोघी जावांच्या शिवणघरात येऊन पडलं. दुपारी होर्दानशी उपांत्य सामना होता. जर्सी नसल्या तर मिरावी न खेळताच बाद. स्पर्धेच्या सेक्रेटरींनी सकाळी निळ्या कापडाचा तागा, गोलकीपरपुरता पिवळा तुकडा आणि खेळाडूंची मापं टेबलावर ठेवली.

"बदली खेळाडूंचं नंतर बघू. आधी अकरा जण मैदानात उभे राहू देत. जमेल?"

"न जमायला काय झालं?" थोरली म्हणाली. धाकटीनेही मान हलवली. दोघींचं एकमत झालं होतं, फक्त ते एकमेकींना कळवायची सोय नव्हती.

दोघी बोलत नव्हत्या. गेल्या हिवाळ्यात धाकटीने लेकीच्या शाळेसाठी पुठ्ठा कापला, तोही थोरलीच्या कापडाच्या कात्रीने. कागदाने कात्री बोथट होते हे धाकटीला ठाऊक होतं, घाईत विसरली. थोरलीने कात्रीला धार लावून आणली, खणात कुलूप घालून ठेवली आणि जावेशी बोलणंही त्याच खणात टाकलं. धाकटीने दोनदा माफी मागून पाहिली. उत्तरादाखल मशीन तेवढं जोरात चाललं.

तेव्हापासून मधलं टपालखातं सासऱ्यांकडे होतं. "मामंजी, त्यांना सांगा, दोरा संपला." "मामंजी, त्यांना सांगा, नाकासमोर आहे." हाताच्या अंतरावर बसलेल्या सुनांचे निरोप म्हातारा इस्त्री करता करता पोचवायचा. खरं तर त्याला या कामाची गोडी लागली होती. पण आज मामंजींकडे सामन्याचं तिकीट होतं, आणि चांगली जागा मिळावी म्हणून ते डबा घेऊन सकाळीच निघून गेले होते.

धाकटी मात्र मनातून खुशीत होती. एवढं मोठं काम खांद्याला खांदा लावून उरकलं, तर जाऊबाई निदान एखादा शब्द टाकतील, अशी तिची आशा होती.

थोरलीने पुढचे आणि मागचे भाग कापून दोन चळती लावल्या. सगळ्यात उंच गोलकीपर वर, सगळ्यात बुटका तळाला. पुढची चळत स्वतःकडे ठेवली, मागची धाकटीकडे सरकवली. छातीवर लहान आकडा, पाठीवर मोठा. थोरलीने वरून एक, दोन, तीन असे आकडे लावायला घेतले. धाकटी नेहमी लहान मापापासून सुरू करते, हात बसतो म्हणून. तिने तळातून एक, दोन, तीन सुरू केले. विचारायला हवं होतं, पण विचारायचं कुणामार्फत? मग धाकटीने आकडे आतल्या बाजूला ठेवून, उलट्या बाजूने सगळ्या जर्सी जोडल्या. त्या सुलट करून, इस्त्री फिरवून नजर टाकायचं काम सासऱ्यांचं. ते तिकडे मैदानात जागा धरून बसलेले.

सेक्रेटरी आले आणि त्यांनी पिवळी जर्सी उलटली. छातीवर एक, पाठीवर अकरा.

"हा माणूस येताना गोलकीपर आणि जाताना फॉरवर्ड आहे का?"

दुसरी उलटली. दोन आणि दहा. तिसरी बघायची त्यांची हिंमत झाली नाही. खुर्चीत बसून ते म्हणाले, "पाठीवर आकडा पाहिजेच. छातीवर नसला तरी चालतं. पण असला तर तोच असला पाहिजे."

म्हणजे थोरलीचे आकडे जायला हवेत. हे तिच्या तोंडावर कोण सांगणार? धाकटीने टाके उसवायची सुरी उचलली आणि मुकाट्याने स्वतःच्या अकराला हात घातला.

"ते नको."

धाकटीने दाराकडे पाहिलं. मामंजी आले नव्हते.

"तुलाच सांगतेय. पाठीवर दुहेरी शिलाई आहे, उसवताना कापड फाटेल. माझे उसव."

"पण जाऊबाई, किती सुबक बसलेत ते."

"सुबक असून काय उपयोग? चळत तळातून कोण उपसतं, बाई?"

"विचारणार होते."

"मग?"

"मामंजी मॅचला गेलेत ना."

थोरलीच्या ओठांत टाचण्या होत्या. त्या तिने आधी घाईने काढल्या आणि मग ती जी हसत सुटली, की सेक्रेटरींनी घड्याळाकडे बोट दाखवलं. सुरी एकच होती. थोरलीने खणाचं कुलूप उघडलं आणि कात्री जावेच्या हातात ठेवली.

"टोक बारीक आहे, जपून. आणि मध्येच कुठे पुठ्ठा दिसला तर..."

"डोळे मिटून घेईन."

एक उसवत होती, दुसरी वाफेची इस्त्री देऊन सुईची भोकं मिटवत होती. चळतीच्या मधोमध एक जर्सी निघाली, पुढे सहा, मागे सहा.

"हा एकटाच दोघींचं ऐकणारा दिसतो," थोरली म्हणाली. "असू दे त्याचा."

संध्याकाळी सासरे घसा बसवूनच घरी आले. मिरावी एका गोलने जिंकले होते.

"सहा नंबरवाल्याने मारला. त्याच्या एकट्याच्या छातीवर आकडा होता. मोठा कुणीतरी असणार, मान असतो तसा." इस्त्रीपाशी बसत त्यांनी सवयीने विचारलं, "बरं, कुणाला काय सांगायचं राहिलंय?"

"काही नाही, मामंजी," दोघी एकदम म्हणाल्या.

म्हाताऱ्याने आळीपाळीने दोघींकडे पाहिलं. चेहरा जरा पडला.

"मग मी दिवसभर करू काय?"

"जर्सी उलटून बघत जा," थोरली म्हणाली आणि धाकटीकडे हात केला. "कात्री दे गं."